पूल, दुसरी बाजू

एकोणतीस वर्षं मी म्हापशाच्या थिएटरात
वरच्या कोंदट खोलीत उभा होतो,
दोन यंत्रांच्या मध्ये.
हा सिनेमा मी एकशे बारा वेळा पाहिला
पाटीएवढ्या काचेतून,
आणि एकदाही ऐकला नाही.
यंत्रांचा खडखडाट असा
की संवाद ओठांवरून वाचायचे,
संगीत तर भिंतीपलीकडच्या लग्नासारखं:
आहे, एवढंच कळायचं.

आज हळदोण्याला, केरुबिनच्या बाल्कांवावर,
त्याच्या भाच्यानं लिस्बनहून पाठवलेली तबकडी.
पार्श्वसंगीत. नुसतं पार्श्वसंगीत.
पार्श्व म्हणजे बाजूचं ना?
आज बाजूचंच मधोमध येऊन बसलंय
वेताच्या खुर्चीत, पाय पसरून,
आणि मधलं कुठं गेलं, कोण जाणे.

केरुबिन तिसऱ्या रांगेत व्हायोला वाजवायचा.
व्हायोला कुणाला ऐकू येत नाही, म्हणतो,
खाटेची मधली फळी ती;
निघाली की कळतं.
मी कान टोकदार करून त्याला शोधतो.
‘राव, राव,’ तो बोट वर करतो,
‘हांगा हांव ना.’
अकरा बार तो इथं गप्प बसला होता.
पन्नास वर्षांनी पुन्हा गप्प बसतो,
ओठ हलवत, मोजत,
आणि बाराव्याला त्याची करंगळी गुडघ्यावर टेकते
इतकी हलकी,
की मांडीवरचं मांजरही जागं होत नाही.

मध्येच रस्त्यावरून पोदेर जातो.
त्याचा भोंगा नेमका शिंगांच्या तुकड्यात घुसतो.
‘सुरात आहे,’ केरुबिन म्हणतो. ‘राहू दे.’

मग दुसरी बाजू. दुसरा तुकडा: पूल.
पूल मला पाठ आहे.
ती चालत येते, छत्री उलटते,
वर उजव्या कोपऱ्यात ठिपका पेटतो
आणि मी दुसरं यंत्र सोडतो.
एक मिनिट चाळीस सेकंद.
डोक्याला नाही, हाताला ठाऊक.

पण व्हायोलिनं थांबलीच नाहीत.
दोन मिनिटं झाली. अडीच.
माझा हात उठला होता,
हवेत दांडा शोधत होता,
आणि खालून चेलो येत होते
ओझं घेऊन चढ चढणाऱ्या माणसासारखे.
एवढा लांब पूल माझ्या रिळात नव्हता.

त्या उरलेल्या पुलावर मला ती दिसली नाही.
बाबुसो दिसला, आमचा डोअरकीपर,
बॅटरीचा गोल पायरीपायरीवर टाकत
कुणाला तरी खुर्चीपर्यंत नेणारा.
मागून कोण येतंय, ते दिसेना.
फक्त उजेड पुढे सरकत होता
आणि त्यात एक-एक पाऊल पडत होतं.

‘कापला असणार,’ केरुबिन म्हणाला.
‘वाजवला तेव्हा एवढाच होता, अख्खा.’
तू बघितलास?
‘कसा बघणार? पडदा आमच्या पाठीशी.
कंडक्टर तिच्याकडे बघायचा,
आम्ही कंडक्टरकडे.’
नंतर एकदा तो थिएटरात गेला होता म्हणे,
स्वतःला ऐकायला, डोळे मिटून;
आंजेलीनला वाटलं, झोपला.
मध्यंतरात तिनं त्याला घरी नेलं.

सूर्य खोर्जुव्याच्या बाजूला उतरला.
माडांच्या सावल्या जांभ्याच्या पायऱ्यांवरून
एक-एक करून खाली गेल्या.
केरुबिन बराच वेळ काही बोलला नाही.
मग विचारलं, आणि विचारताना
माझ्याकडे नाही, तबकडीकडे बघत होता:
‘ऑपरेटर, ती पावली काय रे पलतडी?’

एकशे बारा वेळा पाहिलेला माणूस मी.
काय सांगू?
माझ्याकडे ती अर्ध्यावर असते,
आणि मग एकदम कुणाच्या तरी घरातला दिवा.

परत लाव, म्हटलं. पूल.
गुडघे धरून तो उठेपर्यंत
सुई शेवटच्या खोबणीत टकटकत राहिली,
कुणीतरी पलीकडच्या काठावर उभं राहून
चपलेतली वाळू झटकावी, तशी.